आटलेला मेरिनो

"हा स्वेटर माझ्या मुलाचा नाही," काउंटरवर पिशवी आपटत बाई म्हणाल्या. "शाळेतल्या कुठल्या तरी पोराचा दिसतोय. माझा मुलगा सहा फूट होता."

नसरीननं माझ्याकडे पाहिलं. नसरीन म्हणजे आमच्या ड्रायक्लीनिंगच्या शनिवार पेठेतल्या दुकानाचं काउंटर सांभाळणारी मुलगी. एरवी भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाला ती दोन वाक्यांत गार करते. त्या दिवशी गप्प राहिली. तो 'होता' तिलाही ऐकू आला होता.

मी तिथे तक्रारीचे कपडे न्यायला आले होते. तेच माझं काम. मी टेक्सटाइल केमिस्ट. पूर्वी लोकरीच्या गिरणीत लॅबमध्ये होते, रिटायर झाल्यावर या कंपनीत आले. कपडा आटला, रंग गेला, भोक पडलं की तो वारज्याच्या आमच्या प्लँटवर माझ्या टेबलावर येतो. कशानं बिघडला आणि कुणामुळे, ते मी सांगायचं. लोक मला कौतुकानं कपड्यांची डॉक्टर म्हणतात. कसली डॉक्टर! माझ्याकडे पेशंट येतो तो मेल्यावरच.

"बसा," मी म्हटलं. "अदलाबदल झाली असेल तर शोधू. स्वेटरवर काही खूण होती?"

"डाव्या कोपरावर रफू केलंय. राजगडावर करवंदीच्या जाळीत अडकून फाटला होता. तसला करडा दोरा मिळाला नाही म्हणून मी निळा घातला. किती हसला होता मला."

मी बाही उलटी केली. डाव्या कोपरावर निळा दोरा होता. टाके आवळून गोळा झाले होते, पण निळेच होते.

बाईंनी त्या टाक्यांवर बोट ठेवलं आणि खुर्चीत बसल्या. नसरीननं पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी नुसताच हातात धरून ठेवला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मग काय केलंत तुम्ही याचं?"

उषा निमकर त्यांचं नाव. नारायण पेठेत राहतात. मुलगा सलील, एकुलता एक, हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये होता. गणपतीनंतरच्या आठवड्यात ऑफिसमधून येताना बायपासवर ट्रकनं त्याची मोटरसायकल उडवली. हे त्यांनी कुणी न विचारता सांगितलं, पत्ता सांगावा तसं. आता जानेवारी लागला होता.

"कंपनी नुकसानभरपाई देते," नसरीन हळूच म्हणाली.

"ती ठेवा तुमच्याजवळ. मला हा होता तसा करून हवाय. ते तुमच्यानं होणार असेल तर बोला."

होणार नव्हतं. मला पाहताक्षणीच कळलं होतं. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एक शिकले आहे, काउंटरवर उभ्या माणसाला लगेच 'नाही' म्हणू नये. "परवा वारज्याला या," मी म्हटलं. "मी नीट तपासून ठेवते."

"येते. आणि कुणामुळे झालं ते मला सांगायचं. नावानिशी."

आता हा मेरिनो म्हणजे काय, ते सांगते. लोकर म्हटलं की आपल्याला घोंगडी आठवते. ऊबदार, पण टोचणारी. टोचते कारण तंतू जाड असतो. मेरिनो जातीच्या मेंढीचा तंतू इतका बारीक असतो, की कातडीला लागला तर वाकतो, रुतत नाही. म्हणून तो नुसत्या अंगावर बनियनसारखा घालता येतो. शिवाय घामाची वाफ तो आपल्या पोटात ओढून घेतो आणि सावकाश बाहेर सोडतो. त्यामुळे थंडीत ऊब राहते आणि चढ चढताना अंग चिकचिकत नाही. डिसेंबरात रस्त्याकडेला ढिगानं स्वेटर मिळतात ना, ते बहुतेक ॲक्रिलिकचे. ॲक्रिलिक म्हणजे प्लॅस्टिकच, स्पष्ट सांगायचं तर. एका दिवसात घामट वास मारतं. मेरिनो चार-चार दिवस घाला, वास येत नाही. ट्रेकिंगवाले यासाठीच त्याच्यामागे वेडे असतात. किमतीकडे बघून मात्र आपला मराठी माणूस हँगर परत लावून ठेवतो.

वास येत नाही याचा अर्थ वास नसतो असा नाही. लोकर तो आत धरून ठेवते. कपडा धुतला, पाणी आत शिरलं, की सोडून देते. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

वारज्याला आल्यावर मी स्वेटर टेबलावर पसरला. आमचे मालक मुनोत डोकावले. चाळिशीचे आहेत, माणूस वाईट नाही, पण सगळं त्यांना चहा निवायच्या आत संपवायचं असतं.

"काय केस आहे, मॅडम?"

"मेरिनो आटलाय."

"आपण केला?"

"बघते."

"आपला नसेल तर आजच मेल टाकून द्या. कस्टमर साइड डॅमेज. क्लोज."

लोकर आटते कशी, तेही थोडक्यात. तिच्या तंतूवर बारीक खवले असतात, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक. गरम पाण्यात ते खवले उघडतात. त्यात चोळाचोळ झाली की शेजारशेजारचे खवले एकमेकांत अडकतात आणि कपडा घट्ट, जाड, लहान होतो. नमदा, म्हणजे दाबून केलेला जाड लोकरी गालिचा, तसाच करतात. एकदा अडकलेले खवले सुटत नाहीत. ब्रह्मदेव आला तरी नाहीत.

आता ड्रायक्लीनिंगमध्ये पाणी नसतंच. कपडा औषधात, सॉल्व्हंटमध्ये फिरतो. तेल, चिकटा, घाण निघते, पण खवले मिटलेलेच राहतात. म्हणजे आमच्या त्या मशीननं स्वेटर आटणं शक्य नव्हतं. पण चादरी-पडद्यांसाठी आमच्याकडे पाण्याचं मशीनही आहे. चुकून कुणी त्यात टाकला असेल तर? आपल्या माणसांना पाठीशी घालायला मला पगार मिळत नाही. मी पट्टी घेतली.

मशीनमध्ये आटलेला कपडा सगळीकडून सारखा आटतो. हा तसा नव्हता. मनगटाशी आणि खालच्या काठाला वीण जवळजवळ शाबूत होती. बाह्यांवर कमी-जास्त. पण दोन्ही काखा आणि गळा? तिथे नुसतं जाड कातडं झालं होतं. तिथेच आवळून आवळून सगळा स्वेटर वर खेचला गेला होता. हे मशीनचं काम नाही, हाताचं. कुणीतरी गरम पाण्यात बसून फक्त काखा आणि गळा चोळला होता. जोर लावून, पुन्हा पुन्हा.

मला वाटलं, डाग काढत असतील. मी स्वेटर निळ्या दिव्याखाली धरला. आपल्या धुण्याच्या पावडरींत पांढरेपणासाठी एक द्रव्य घालतात, ते या दिव्याखाली चमकतं. साबण ड्रायक्लीनिंगनं जात नाही, मागे उरतोच. पण स्वेटर काळोखा राहिला. पावडरीचा कणही नव्हता.

घामाच्या जागा चोळायच्या आणि साबण लावायचा नाही. असं कोण धुतं? मी दिवा बंद करून खुर्चीत टेकले आणि नसरीनला फोन लावला.

"हा टाकायला कोण आलं होतं गं?"

"काका आले होते, मॅडम. बाईंचे मिस्टर. पिशवीतच होता, मी उघडून नीट पाहिला नाही, चूक झाली. थोडा दमट लागला हाताला."

"काही म्हणाले?"

"व्यवस्थित प्रेस करा, म्हणाले. ताणून. आणि पिशवी सोडेचनात हातातली. मी म्हटलं, काका, काळजी करू नका, एकदम फ्रेश होऊन येईल, घातलेला वाटणारसुद्धा नाही. मग सोडली."

फोन ठेवला आणि मला सगळं उमगलं. मी कुणाच्या घरात नाक खुपसणारी बाई नाही. कपडे सांगतात तेवढं पुरे होतं मला, नको इतकं सांगतात. पण त्या दिवशी डबा उघडला नाही, तसाच घरी नेला.

परवाच्या दिवशी दोघं आले. निमकर किडकिडीत गृहस्थ. दाढी केलेली, पण हनुवटीखाली खुंट राहिलेले. टेबलावरच्या स्वेटरकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, भिंतीवरच्या फायर एक्स्टिंग्विशरच्या सूचना वाचत बसले. मुनोतही येऊन दाराशी उभे राहिले. त्यांना केस क्लोज करायची होती.

"बोला," उषाताई म्हणाल्या. "कोण?"

"अगं, जाऊ दे ना," निमकर म्हणाले. "झालं ते झालं."

"जाऊ दे? अहो, काय जाऊ दे? एवढी एक गोष्ट राहिली होती." त्या माझ्याकडे वळल्या. "त्याचे शर्ट-बिर्ट मी सगळे नाकाशी धरून पाहिले हो. सुरुवातीला यायचा वास. मग कपाटाचाच यायला लागला, डांबरगोळ्यांचा. आणि याला तर कधीच नाही आला. नऊ-नऊ दिवस हिमालयात घालून यायचा मेला! मी म्हणायची, शिसारी येते, काढ तो, धुऊ दे. तर बाही माझ्या नाकाशी आणायचा. 'आई, घे वास, घे. मेरिनो आहे.' मी म्हणायची, शी, हो तिकडे! हातही लावू दिला नाही कधी मला. म्हणायचा, मशीनमध्ये टाकशील. आणि आता तुमच्या माणसांनी..."

"आमच्या माणसांनी नाही," मुनोत म्हणाले. "मॅडमनी चेक केलंय."

मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते गप्प बसले.

काय बोलायचं, ते मी दोन दिवस घोकत होते. खोटं सांगून आमच्या माथी घ्यावं, असंही मनात येऊन गेलं. मुनोतांनी आरडाओरडा केला असता, चार दिवसांनी विसरले असते. पण मग निमकर ते जन्मभर छातीवर घेऊन फिरले असते, आणि या बाई जन्मभर आम्हाला शिव्या देत बसल्या असत्या. आणि खरं सांगायचं, तर कुणाचं नाव घ्यायला माझी जीभ रेटेना. म्हणून मी फक्त स्वेटरबद्दल बोलले.

"हा गरम पाण्यात गेलाय. साबण लागलेला नाही. हातानं चोळलाय, आणि सगळा नाही. फक्त काखा आणि गळा."

"असं कोण धुतं?" उषाताई म्हणाल्या.

 खालून प्रेसच्या वाफेचा फुसफुसाट येत होता.

"अहो, असं कोण धुतं?"

"मी," निमकर म्हणाले.

त्यांनी फायर एक्स्टिंग्विशरवरची नजर काढली नाही. "धूत नव्हतो मी, उषा. तुला आठवतं, जेवताना तो लेक्चर द्यायचा? बाबा, ही लोकर वास टाकत नाही, आत जपून ठेवते. पाण्यात घातली की सोडते. तू म्हणालीस ना त्या दिवशी, याला त्याचा वासच नाही. मला रात्रभर तेच. म्हटलं, आत असणार. आहेच आत."

"मग?"

"मग बादलीत गीझरचं पाणी घेतलं. आणि बुडवला."

उषाताईंनी टेबलाची कड धरली. "आला?"

निमकरांनी मान डोलावली.  "आला. ट्रेकहून आल्यावर दारात सॅक टाकायचा आणि बूट काढायचा, तेव्हाचा. तोच. सगळी बाथरूम भरली गं."

"मी कुठे होते?"

"स्वयंपाकघरात. मटार सोलत होतीस."

"मी घरात होते?"

"होतीस."

"मग मला हाक का नाही मारलीत?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. निमकर स्टुलावर वाकून बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांत घातले.

"भान नव्हतं. बादलीवर वाकून मी एकटाच घेत बसलो. संपेल असं वाटलंच नाही. आणि मग गेला. गेला तेव्हा तुझी आठवण झाली. म्हणून आणखी कढत पाणी घेतलं, आणि चोळला. काखेत चोळला, गळ्याशी चोळला. म्हटलं, पुन्हा आला की हिला हाक मारतो. नाही आला. हातात बघतो तर एवढासा झालेला."

मग तो दोन दिवस गच्चीवर लपवून वाळवला आणि दमटच आमच्याकडे टाकला, प्रेसमध्ये ताणून मोठा होईल या आशेनं. घरी सांगितलं, कसर लागू नये म्हणून ड्रायक्लीनिंगला टाकलाय, आणि आज आणतो, उद्या आणतो करत राहिले. पण आमच्या कंप्युटरमध्ये फोन नंबर होता उषाताईंचा, साड्यांमुळे. 'युवर गारमेंट इज रेडी' हा मेसेज त्यांच्या मोबाइलवर गेला.

उषाताईंनी स्वेटर जवळ ओढला. मग मला विचारलं, "आता ओला केला तर?"

या प्रश्नाची मला दोन दिवस भीती होती. गरम पाण्यानं जे नेलं ते नेलं. थोडं आत उरलं असेलही. पण नंतर स्वेटर आमच्या मशीनमध्ये फिरला. तेल, चिकटा, माणसाचं जे जे असतं ते काढून टाकायलाच ते मशीन बनवलंय, आणि आमचं मशीन चांगलं आहे. आटवला निमकरांनी. उरलेला वास आम्ही नेला.

"नाही येणार," मी म्हटलं.

"करून तर बघा."

माझ्यानं नाही म्हणवलं नाही. बशीत कोमट पाणी घेतलं, डाव्या काखेचा भाग बुडवला, पिळला नाही, तसाच त्यांच्यापुढे धरला. त्यांनी डोळे मिटून वास घेतला. पुन्हा घेतला. निमकर त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तसं बघताना मी हॉस्पिटलच्या दारातले नातेवाईक पाहिलेत.

"मेंढीचा येतोय," त्या म्हणाल्या.

ओल्या लोकरीचा तोच वास असतो.

त्यांनी स्वेटर टॉवेलवर पसरला, बाह्या नीट जुळवल्या, वीत लावून छाती मोजली. "सातवीत होता ना, तेव्हा एवढा होता," त्या निमकरांना म्हणाल्या. निमकर "हो" म्हणाले. मग त्यांनी घडी घातली, पिशवीत ठेवली आणि पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली. दारापाशी जाऊन थांबल्या. निमकर उठलेच नव्हते.

"चला," त्या म्हणाल्या. "रिक्षा मिळायची नाही नंतर."

जिन्यात त्यांनी निमकरांचा दंड धरला होता. रागानं की आधाराला, मला वरून कळलं नाही. उषाताईंनी त्यांना माफ केलं की नाही, तेही मला माहीत नाही. ते दोघं पुन्हा आले नाहीत. नसरीनला मी सगळं सांगितलं होतं. तिला उषाताई मंडईत दिसल्या होत्या, मटार घेत नव्हत्या एवढंच तिनं सांगितलं. ही पोरगी काय बघेल नेम नाही.

मुनोत खूप वेळ दारातच उभे होते. मग म्हणाले, "मॅडम, रिपोर्टमध्ये काय टाकायचं?"

"लिहा, मेरिनो गरम पाण्यात आटतो."

"आणि फॉल्ट?"

"मला विचारू नका."

त्यांनी त्यानंतर विचारलं नाही, हे त्यांचं मोठेपण मानते मी.

आता वाचकांना उपयोगी पडेल ते सांगून संपवते. मेरिनो गार पाण्यात धुवावा, लोकरीच्या पातळ साबणानं, चोळू नये, पिळू नये, सावलीत आडवा पसरून वाळवावा. अशानं तो तुमच्यापेक्षा जास्त टिकतो. टिकण्यात लोकर पक्की असते, माणसाचं तसं नाही.

आणि आमच्या दुकानात एक बदल झालाय. तो माझ्या सांगण्यावरून. कपडा हातात घेताना नसरीन आता विचारते, "धुवायचाच आहे ना?" पुण्यात असा प्रश्न विचारणं म्हणजे आ बैल मुझे मार. "मग काय ओवाळायला आणलाय?" असं रोज कुणीतरी तिला ऐकवतं. ती हसून पावती फाडते.

पण परवा एक माणूस आला होता. बायकांची शाल होती त्याच्या हातात. नसरीननं विचारलं. तो काउंटरशी उभा राहिला, शालीकडे बघितलं. मग ती परत पिशवीत घातली आणि घरी गेला.